पाच घोड्यांचा हिशेब

१९९९ साली फोर्डने अमेरिकेत मस्टँग कोब्राचे नवे मॉडेल आणले, तेव्हा तिची ताकद ३२० अश्वशक्ती असल्याचे जाहीर केले होते. आदल्या वर्षीची कोब्रा ३०५ ची. पंधरा घोडे वाढले म्हणजे फरक दिसायला हवा. पण हौशी मालकांनी नव्या गाड्या ड्रॅग स्ट्रिपवर पळवून पाहिल्या, तर त्या जुन्यांच्या पुढे जाईनात. मग त्यांनी त्या डायनोवर चढवल्या. डायनो म्हणजे डायनमोमीटर, इंजिनाची ताकद मोजणारे यंत्र. एकाच गाडीचा आकडा कमी आला असता तर यंत्राला, हवेला किंवा त्या एका गाडीला दोष देता आला असता. इथे गाडीमागून गाडी कमी भरत गेली. शेवटी फोर्डने विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावल्या, इनटेक मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरकडचा भाग बदलला, इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम भरला. पुढच्या वर्षी नेहमीची कोब्रा बाजारात आलीच नाही.

त्यानंतर लगेच माझदाची पाळी आली. त्यांची दोन आसनी, उघड्या टपाची एमएक्स-५, जिला अमेरिकेत मियाटा म्हणतात, तिच्या २००१ च्या मॉडेलला १५५ अश्वशक्ती जाहीर झाली होती. प्रत्यक्षात ती १४२ निघाली. माझदाने गाडी परत घेण्याची तयारी दाखवली आणि ज्यांना ती ठेवायची होती त्यांना ५०० डॉलर व वॉरंटीच्या काळातले सर्व्हिसिंग फुकट देऊ केले.

ही तेरा अश्वशक्तीची तूट आठ टक्क्यांहून थोडी जास्त आहे. एवढी तूट नीट मोजली तर सापडते. पण स्पोर्ट्स कार हाताशी असलेला माणूस शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये जे बदल करतो, म्हणजे नवा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर, थोडे पुढे ओढलेले ठिणगीचे टायमिंग, त्यांच्याकडून अपेक्षा असते ती तीन, चार, फार तर पाच घोड्यांची. शंभरात पाच. तेवढा फरक पकडायचा तर मोजण्याची पद्धत त्याहून बारीक हवी. या प्रकरणात तेवढाच एक प्रश्न घेतो: बदल केल्यावर ताकद खरोखर वाढली, हे कशावरून म्हणायचे?

आपल्याकडे शेतकऱ्याला एचपी शिकवावी लागत नाही. विहिरीवर तीनची मोटर बसवायची की पाचची, हे तो पाण्याची खोली आणि पाइपची लांबी बघून सांगतो. त्या पाच एचपीच्या मोटरीच्या पाटीवर ३.७ किलोवॅट हेही लिहिलेले असते. या एककाचा उगम जेम्स वॅटकडे जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेची इंजिने विकायची तर गिऱ्हाईक विचारणार, हे इंजिन माझ्या किती घोड्यांचे काम करील? वॅटने गिरणी ओढणाऱ्या घोड्याचा हिशेब मांडला. १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात घोडा तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंड जोराने ओढतो. गुणाकार केला की मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड येतात. वॅटने ते ३३,००० धरले आणि आजतागायत तेच चालू आहे. वॅटमध्ये सांगायचे तर ७४५.७.

युरोप आणि जपानचा घोडा मात्र किंचित लहान. ७५ किलोची गोणी एका सेकंदात एक मीटर वर उचलायची, ती त्यांची एक अश्वशक्ती, ७३५.५ वॅटची. म्हणून एकच इंजिन अमेरिकेत ११६ चे असेल तर जपानी मापाने ते जवळजवळ ११८ चे होते. दोन घोडे मापाच्या फरकातूनच जन्माला आले. पुढे असे कागदी घोडे बरेच भेटणार आहेत आणि त्यांना ओळखता येणे ही या विद्येची निम्मी वाट आहे.

कागदी घोड्यांचा सर्वांत मोठा कळप अमेरिकेतच होता. १९७१ पर्यंत तिथे इंजिन उघडे करून मोजायचे: एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, पंखा आणि अल्टरनेटर यांचा भार नाही. १९७२ पासून सगळे जोडून मोजलेला निव्वळ आकडा छापायला सुरुवात झाली. शेव्हरोले कॉर्व्हेटचे एलटी-१ इंजिन १९७१ मध्ये ३३० अश्वशक्तीचे होते, ते १९७२ मध्ये २५५ चे झाले. इंजिनात एवढा बदल झालाच नव्हता, मोजण्याची रीत बदलली होती. जुन्या गाड्यांच्या गप्पांत हा मुद्दा सुटला की माणसे उगीच वाद घालतात.

आता गाडी घेऊ. उदाहरणाला मी पहिल्या पिढीची मियाटाच घेणार आहे, १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात दाखवलेली. १.६ लिटरचे इंजिन, अमेरिकेत ११६ अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत. जगभर हौशी लोकांनी जितक्या मियाटा खोलल्या आणि मोजल्या तितक्या गाड्या क्वचितच कुणी मोजल्या असतील. शिवाय इंजिन साधे आहे. टर्बो नाही, आणि आजच्या इंजिनांसारखा गुपचूप टायमिंग मागेपुढे करणारा नॉक सेन्सरही त्यात नाही. केलेला बदल तसाच राहतो, त्यामुळे अभ्यासाला ती उत्तम.

ही ११६ अश्वशक्ती फ्लायव्हीलवरची. तिथून ती क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, टायर असा प्रवास करून रस्त्यावर येते आणि वाटेत प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. तेल घुसळले जाते, टायर चेपतात, सगळ्याची उष्णता होते. चाकांवर मोजली की तीच गाडी शंभरीच्या आत भरते. घट पंधरा टक्के धरण्याचा रिवाज आहे, पण तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे. चाकांवरचा आकडा घ्यायचा, त्यात मनाने पंधरा-वीस टक्के मिळवायचे आणि तो माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून ‘माझी गाडी दहाने वाढली’ म्हणायचे, हे अनेक जण करतात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चाकांवरचा आकडा चाकांवरच्याच आकड्याशी लावायचा, तोही त्याच गाडीच्या.

डायनोची जात दोन प्रकारची. एक अडवणारी, दुसरी फिरवून घेणारी. अडवणारीचा मूळपुरुष फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी. १८२० च्या दशकात त्याने फिरत्या दांड्याभोवती लाकडाचे दोन ठोकळे आवळले, त्यांना लांब दांडी जोडली आणि दांडीच्या टोकाला वजने टांगली. दांडी आडवी स्थिर राहिली की वजन, दांडीची लांबी आणि फेऱ्या यांवरून ताकद निघते. ब्रेक लावून मोजलेली ताकद, म्हणून ब्रेक हॉर्सपॉवर. आपल्याकडच्या गाड्यांच्या जाहिरातींत जे बीएचपी छापतात त्यातला ‘बी’ हाच. पुढे विल्यम फ्रूडने इंग्लंडच्या आरमारासाठी पाण्याच्या रेट्याने अडवणारे यंत्र केले, त्यानंतर विजेच्या भोवऱ्यांनी अडवणारी आली. तत्त्व प्रोनीचेच.

फिरवून घेणारी जात अधिक साधी आहे आणि ट्यूनिंगच्या दुकानांत तीच जास्त दिसते. जमिनीत पोलादी ड्रम पुरलेला असतो. मागची चाके ड्रमवर चढवतात, गाडी पट्ट्यांनी जमिनीला बांधतात, चौथा गिअर टाकतात, कारण मियाटाच्या गिअरबॉक्समध्ये चौथा थेट एकास एक आहे, आणि कमी फेऱ्यांवरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात. ड्रमचे वजन आणि आकार ठाऊक आहे. तो किती लवकर वेग घेतो एवढेच कॉम्प्युटर बघतो आणि त्यावरून क्षणाक्षणाची ताकद काढतो. दहा-बारा सेकंदांत काम संपते. खोलीत आवाज इतका की पोटात थरथर जाणवते, पेट्रोल आणि तापलेल्या रबराचा वास भरतो, आणि पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे चढत जाते. त्या रेघेच्या शेंड्यावरचा आकडा सगळे मोठ्याने वाचतात. मला विचाराल तर शेंड्यापेक्षा रेघेचा मधला भाग जास्त बोलका असतो, कारण गाडी दिवसभर त्या मधल्या फेऱ्यांवर चालते. शेंडा तीनने वर गेला आणि मधला भाग पाचने खाली आला, तर रस्त्यावर गाडी मंद झाली, मग कागदावर काहीही छापून येवो.

या ड्रमची एक खोड समजून घ्यायला हवी. तो फक्त वेग घेण्याचा दर बघतो. इंजिनाला ड्रमबरोबर स्वतःचे फ्लायव्हील, गिअर, चाके यांनाही फिरवावे लागते आणि त्यात खर्ची पडणारी ताकद ड्रमपर्यंत पोचत नाही. आता जड फ्लायव्हील काढून निम्म्या वजनाचे बसवले, तर तो खर्च कमी होतो, ड्रम लवकर वेग घेतो आणि कागदावर अश्वशक्ती वाढलेली दिसते. इंजिनाने मात्र एक थेंबही जास्त जाळलेला नाही. हलकी अलॉय चाके लावली तरी असेच. हीच गाडी अडवणाऱ्या डायनोवर फेऱ्यांच्या एकाच वेगाला स्थिर धरून मोजली तर वाढ गायब होते. मग ती वाढ खोटी का? पूर्ण खोटी नाही. रस्त्यावरही वेग घेताना फ्लायव्हील फिरवावेच लागते, आणि खालच्या गिअरमध्ये त्याचा बोजा कितीतरी पटीने जाणवतो. फायदा खरा आहे, फक्त तो वेग घेतानाचा आहे. चढावर एकाच वेगाने जाताना त्यातले काहीही हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. इंजिन पेट्रोलपेक्षा हवेचे भुकेले असते. मियाटाचे इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर सेकंदाला ८० लिटरच्या आसपास हवा ओढते, म्हणजे दर सेकंदाला चार-पाच हंडे. ती हवा विरळ असेल तर ताकद कमी. मुंबईहून बोरघाट चढून पुण्याला आले की उंची साधारण ५६० मीटर होते आणि हवेचा दाब सहा टक्क्यांनी उतरतो. टर्बो नसलेली शंभर अश्वशक्तीची गाडी तेवढ्यानेच सहा-सात घोडे घाटात सोडून येते. कोलोरॅडोतले डेन्व्हर शहर १,६०९ मीटरवर आहे, तिथे तर दाब १८ टक्क्यांनी कमी. तापमानाचेही तसेच. सकाळी गार हवेत घेतलेला आकडा आणि दुपारी तापलेल्या पत्र्याखाली घेतलेला आकडा एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.

यावर उपाय म्हणून दुरुस्ती गुणक वापरतात. त्या दिवशीचा दाब, तापमान, आर्द्रता घेऊन आकडा एका ठरलेल्या हवेवर आणायचा. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सचे आजचे प्रमाण २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा हे आहे. जुने प्रमाण साडेपंधरा अंश आणि समुद्रसपाटीचा पूर्ण दाब. थंड आणि दाट हवा धरल्यामुळे जुन्या प्रमाणाने तोच आकडा चार टक्क्यांनी फुगतो. डायनोच्या पडद्यावर हे एक बटण असते. बदलापूर्वीचा कागद नव्या प्रमाणाने आणि नंतरचा जुन्याने छापला, तर शंभराच्या गाडीत चार घोडे बटणातून निघाले. दोन कागदांची तुलना करण्याआधी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत कुठले प्रमाण लिहिले आहे ते वाचावे. टर्बो गाड्यांना तर हा गुणक फसवतोच, कारण टर्बो विरळ हवेची भरपाई आपणहून करत असतो आणि गुणक ती पुन्हा एकदा देऊन टाकतो.

बाजारात भाजीवाल्याचा तराजू असतो, त्याला पासंग असतो. एक पारडे दुसऱ्यापेक्षा थोडे जड. पासंग असलेल्या तराजूवर वांगी खरी किती भरली ते कळणार नाही, पण त्याच तराजूवर त्याच पारड्यात आज आणि थोड्या वेळाने तीच पिशवी ठेवली तर पिशवीत किती भर पडली ते बरोबर कळते. पासंग दोन्ही वेळा सारखाच असल्यामुळे वजाबाकीत उडून जातो. डायनोचेही असेच आहे. दोन दुकानांतले दोन डायनो एकाच गाडीला पाच-दहा घोड्यांनी वेगळे दाखवतात, त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. वाढ मोजायची असेल तर खरा आकडा लागतच नाही, लागते ती वजाबाकी. अट एकच, दोन मोजण्यांच्या मधे पासंग हलता कामा नये.

आणि पासंग हलवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. गाडी नुकतीच आणली, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे तेल गार आणि घट्ट आहे, डायनोवरची पहिली फेरी कमी भरते. दुसरी थोडी जास्त. तिसरीपर्यंत तेल पातळ झाले, आकडा आणखी चढला. चौथी-पाचवी होईपर्यंत बॉनेटखालची हवा तापली, आकडा उतरायला लागला. आता विचार करा, कुणी पहिल्या फेरीला ‘आधीचा’ म्हटले, मग फिल्टर बदलला आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ‘नंतरचा’ म्हटले. दोन घोडे तेलाने दिले, श्रेय फिल्टरला गेले. टायरमधली हवा कमी-जास्त झाली, बांधण्याचे पट्टे जास्त आवळले, टायर ड्रमवर घसरला, समोरच्या पंख्याची दिशा बदलली, तरी आकडा हलतो. यातले कुणीही मुद्दाम करत नसते. दुकानदार प्रामाणिक, मालक प्रामाणिक, आणि तरी आकडा चुकीचा.

म्हणून पद्धत अशी ठेवावी. काहीही न बदलता, तेल पूर्ण तापल्यावर, तीन फेऱ्या घ्याव्यात. दर फेरीच्या आधी इंजिनाचे तापमान तेवढेच आहे का बघावे, दोन फेऱ्यांमध्ये थंड व्हायला सारखाच वेळ द्यावा. समजा ९५.२, ९६.४ आणि ९५.६ आले. सरासरी ९५.७, आणि आकडे आपसांतच सव्वा अश्वशक्तीने हलतात. हे हलणे लिहून ठेवावे, कारण यापुढच्या सगळ्या दाव्यांची कसोटी तीच. आता एकच गोष्ट बदलावी. एकाच दिवशी फिल्टर, सायलेन्सर आणि टायमिंग तिन्ही बदलले तर कुणी काय दिले ते कधीच कळणार नाही. पुन्हा तीन फेऱ्या. सरासरी ९७ आली तर वाढ १.३ अश्वशक्ती आहे, आणि गाडी काहीही न करता तेवढी हलतच होती. अशा वेळी निकाल देऊ नये. ९९ आली तर बोलता येते. आणि यानंतरची पायरी, जी जवळजवळ सगळेच गाळतात: जुना भाग पुन्हा बसवून आणखी तीन फेऱ्या घ्याव्यात. आकडा परत ९६ च्या आसपास उतरला तर वाढ त्या भागाचीच होती. तो ९९ वरच राहिला, तर वाढ दुसऱ्याच कशाने तरी झाली होती.

नवा फिल्टर किती देऊ शकतो, हे तर डायनोशिवायही कळते. मला ही युक्ती फार आवडते. गवंडी लेव्हल बघताना जी पारदर्शक प्लास्टिकची पाण्याची नळी वापरतो, तसलीच एक नळी घ्यायची. तिचे एक टोक एअर फिल्टरच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि हवा मोजणाऱ्या मीटरच्या मधे, घट्ट बसवायचे. दुसरे टोक उघडे. मधे यू आकाराचा लांब झोळ सोडून त्यात रंगीत पाणी भरायचे. झोळ चांगला मोठा हवा, नाहीतर पाणी इंजिनात जाईल. इंजिन बंद असताना दोन्ही बाजूंचे पाणी एका पातळीत. आता डायनोवर पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन सर्वांत वरच्या फेऱ्यांपर्यंत न्यायचे आणि दोन पातळ्यांतला फरक मोजायचा. पाण्याचा १० सेंटिमीटरचा स्तंभ म्हणजे एक किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा एक टक्का. फरक १० सेंटिमीटर आला तर फिल्टर आणि त्याचा डबा मिळून इंजिनाच्या हवेतला एक टक्का अडवत आहेत. फिल्टर अजिबात नसता तरी एकच टक्का, फार तर सव्वा टक्का वाढ झाली असती. शंभराच्या गाडीत एक घोडा. मग डब्यावर दहा घोड्यांचे आश्वासन छापलेला फिल्टर तो एक घोडा सोडून बाकीचे नऊ कुठून आणणार? उलट पाणी ४० सेंटिमीटर चढले तर फिल्टर चोंदलेला आहे, आणि नवा साधा कागदी फिल्टरही बराच फायदा देईल. पंचवीस-तीस रुपये मीटरच्या नळीतून एवढे उत्तर मिळते. हीच नळी मीटरच्या पुढच्या बाजूला लावली की मियाटाचा तो झडपवाला मीटर किती अडवतो तेही दिसते, आणि बहुधा खरा अडसर तिथेच सापडतो.

शंकूसारखा उघडा फिल्टर थेट बॉनेटखाली बसवण्याची पद्धत आहे. आवाज सुंदर येतो, इंजिन श्वास घेताना ऐकू येते, आणि त्या आवाजानेच पिकअप वाढल्यासारखे वाटते. डायनोवर बॉनेट उघडे असते, समोर मोठा पंखा असतो, तिथे आकडाही बरा येतो. रस्त्यावर मात्र बॉनेट बंद. तो फिल्टर रेडिएटरवरून आलेली तापलेली हवा ओढतो. बाहेर ३० अंश असताना आत ५० अंशांची हवा गेली तर तिची घनता सहा टक्क्यांनी घटते. डायनोवर कमावलेला एक टक्का रस्त्यावर सहा टक्के घेऊन जातो. म्हणून फिल्टर मोजायचा तर बॉनेट बंद करून मोजावा, आणि हवेच्या नळीत तापमापक ठेवावा.

टायमिंगचे प्रकरण मियाटावाल्यांचे लाडके, कारण ते फुकट आहे. कंपनी ठिणगीचे टायमिंग पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या १० अंश आधी ठेवते. इंजिनाच्या मागच्या टोकाला कॅमशाफ्टवर एक सेन्सर आहे, तो बारा नंबरच्या एकाच बोल्टने धरलेला. बॉनेटखालच्या तपासणीच्या डबीत टीईएन आणि जीएनडी या दोन खाचा तारेच्या तुकड्याने जोडायच्या, म्हणजे कॉम्प्युटर आपले टायमिंग बाजूला ठेवतो. मग टायमिंग लाइट पुलीवर धरून बोल्ट सैल करायचा आणि सेन्सर केसभर फिरवत खूण १४ अंशांवर आणायची. फिरवणे इतके थोडे असते की डोळ्याला सेन्सर हललेला दिसतही नाही, फक्त प्रकाशात खूण सरकते. बोल्ट आवळायचा, तार काढायची. आवळताना सेन्सर पुन्हा किंचित हलतो, म्हणून खूण एकदा परत बघायची. याने मधल्या फेऱ्यांवर रेघ उचलली जाते आणि अॅक्सिलरेटरला इंजिन चटकन उत्तर देते. त्याची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल नसेल तर भाराखाली टकटक, म्हणजे नॉक, सुरू होते, आणि नॉक सेन्सर नसल्यामुळे सावरणारे कुणी नसते. अशी टकटक ऐकू आली तर त्याच दिवशी टायमिंग मागे घ्यावे.

डायनो जवळ नसेल तर गाडीचे स्वतःचे वजन हाच ड्रम. न्यूटनचा नियम लावायचा: वजन ठाऊक आहे, वेग घेण्याचा दर मोजता येतो, त्यावरून ताकद निघते. चालकासह मियाटाचे वजन १,०७० किलो धरू. बंद ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ८० ते १२० किलोमीटर व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. चाकांवर सरासरी ८५ अश्वशक्ती मिळत असेल आणि वारा व टायर यांचा विरोध सोळा अश्वशक्ती खात असेल, तर हा वेळ साडेसहा सेकंदांच्या आसपास येतो. तीन अश्वशक्ती वाढली तर तो तीन दशांश सेकंदांनी घटतो. हातातल्या स्टॉपवॉचवर अंगठ्याची चूकच दोन दशांशांची असते, म्हणून जीपीएसचे यंत्र लागते.

आणि इथेही पासंग आहेतच. शंभर मीटरमध्ये एक मीटरचा उतार डोळ्याला सपाटच दिसतो, पण त्याचा परिणाम त्या तीन घोड्यांपेक्षा मोठा असतो. म्हणून प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी घ्यायची आणि सरासरी काढायची. पेट्रोलची टाकी ४५ लिटरची, भरली की ३३ किलो वजन, एकूण वजनाच्या तीन टक्के. सकाळी भरलेल्या टाकीने ‘आधीच्या’ फेऱ्या आणि दुपारी निम्म्या टाकीने ‘नंतरच्या’ फेऱ्या घेतल्या, तर दीड टक्का असाच खिशात पडतो. याचीच दुसरी बाजू अशी की डिकीतली स्टेपनी, जॅक आणि पाने मिळून वीस किलो उतरवले तर वेग घेण्यात जो फरक पडतो, तो सव्वा-दीड घोडे वाढवल्याइतका असतो. फिल्टरने दिला नसता एवढा.

वारा पहाटे सर्वांत शांत असतो, म्हणून अशा फेऱ्या उजाडता उजाडता घेतात. वहीत तारीख, तापमान, दाब, टायरमधली हवा, टाकीतले पेट्रोल हे आधी लिहायचे आणि मगच इंजिन सुरू करायचे. जाताना पाच, येताना पाच. मग ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवून, बॉनेट उघडून, हात भाजणार नाही इतपत निवल्यावर नवा भाग काढायचा, जुना बसवायचा, आणि उन्हे चढायच्या आत उरलेल्या दहा फेऱ्या पुऱ्या करायच्या.